सरासरीआड राहिलेल्या वस्त्या

मागास भागातील शाळांना शासनाने इतरांहून अधिक मदत करावी, हे तत्त्व महाराष्ट्रात आता कोणी नाकारत नाही. मतभेद सुरू होतात ते ‘मागास भाग’ कशाला म्हणायचे, या प्रश्नापाशी. जिल्हा हे एकक धरले तर एक चित्र दिसते, तालुका धरला तर वेगळे, आणि वाडी-वस्तीपर्यंत उतरले तर त्याहूनही वेगळे. शिक्षकांची पदे, इमारतींचा निधी आणि वार्षिक अनुदान मात्र यांपैकी कोणते तरी एकच चित्र समोर ठेवून ठरवले जाते, आणि ते चित्र चुकीचे निवडले गेले तर ज्या शाळेला मदतीची सर्वाधिक गरज तीच हिशेबातून सुटते. अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर जिल्हा, हे याचे राज्यातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणता येईल.

सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्यात चौदा तालुके आहेत. पश्चिमेच्या अकोले तालुक्यात सह्याद्रीची मुख्य रांग आहे. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर याच तालुक्याच्या हद्दीवर उभे आहे, आणि घाटघर-रतनवाडीच्या परिसरात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. ते पाणी प्रवरेवरच्या भंडारदरा धरणात १९२६ पासून अडवले जाते, परंतु कालव्यांनी ते पोहोचते खालच्या संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या तालुक्यांत. तिथे ऊस उभा राहिला, १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि कारखान्यांच्या मागोमाग विद्यालये, महाविद्यालये व तंत्रनिकेतने आली. पूर्वेकडे व आग्नेयेकडे पाथर्डी, शेवगाव, कर्जत आणि जामखेड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. तिथे वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा, आणि दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला घराबाहेर पडतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण ७९.०५ टक्के नोंदवले गेले, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा वर आणि राज्याच्या ८२.३ टक्क्यांपेक्षा थोडे खाली. हा आकडा चुकीचा नाही. मात्र त्यात राहात्याचा कालवा, अकोल्याचा डोंगर आणि पाथर्डीचे माळरान एकत्र मिसळले आहेत, आणि अशा मिश्रणातून निघालेली संख्या यांपैकी एकाही ठिकाणचे वर्णन करत नाही.

या भागात शाळेला सरकारी पैसा मिळण्याचा इतिहास जिल्हा परिषदेहून पुष्कळ जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून अहमदनगरला आपले केंद्र केले. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले ते येथेच, मिस सिंथिया फरार यांच्या शाळेत, असे मानले जाते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सहायक अनुदान देण्याची पद्धत आणली. सहायक अनुदान म्हणजे संस्थेने आधी स्वतःचा पैसा उभारायचा आणि सरकारने त्यात भर घालायची, अशी रचना. तिच्यात ज्या गावाकडे उभारण्यासारखे काहीच नाही त्या गावाला भर घालून घेण्याची संधीही मिळत नाही. १८६३ पासून मुंबई इलाख्यात स्थानिक उपकर बसला, म्हणजे शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा, आणि त्यातील एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखला गेला. करामागचा हेतू चांगला होता, तरी शाळेचा निधी शेतसाऱ्याला बांधला गेल्यामुळे जिथे जमीन हलकी व सारा कमी, तिथे उपकरही कमी जमा होणार, हे त्याच्या रचनेतच होते.

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगासमोर दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी या व्यवस्थेच्या मुळावरच बोट ठेवले. सरकारी महसुलाचा मोठा वाटा कष्टकरी रयतेकडून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. परंतु आजच्या चर्चेसाठी त्याहून महत्त्वाचे आहे ते त्यांचे दुसरे निरीक्षण. शेतकरी कुटुंबे मुलांना शाळेत पाठवत नाहीत याचे कारण त्यांनी अनास्थेत शोधले नाही; घोर दारिद्र्य, आणि गुरे राखायला व शेत सांभाळायला मुलांची असलेली गरज, अशी दोन कारणे त्यांनी सांगितली, आणि म्हणून अशा मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे देऊन शाळेकडे वळवावे असे सुचवले. मूल शाळेत येते तेव्हा कुटुंबाचे काहीतरी उत्पन्न बुडते, आणि ते भरून काढणे हा शिक्षणाच्या खर्चाचाच भाग आहे, हा विचार त्यात आहे. तो शासनाने स्वीकारला, पण फार उशिरा आणि फार थोड्या प्रमाणात: १९९२ पासून दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना सुरू झाली, आणि पुढची तीस वर्षे तो रुपया रुपयाच राहिला. १९९२ मध्ये एका रुपयाला निदान काही किंमत होती. आज त्या भत्त्याने कोणत्याही आईबापाचा निर्णय बदलणे शक्य नाही.

‘मागास’ ठरवण्याच्या एककाचा प्रश्न पहिल्यांदा ठळकपणे समोर आला तो १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात. बाह्य अर्थसाहाय्याने राबवलेल्या या केंद्रीय कार्यक्रमासाठी ज्या जिल्ह्यांत स्त्रियांची साक्षरता राष्ट्रीय सरासरीहून कमी आहे असे जिल्हे प्राधान्याने निवडले गेले, आणि महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद व परभणी यांचा समावेश झाला; पुढे बीड आणि जालना यांसारखे जिल्हेही आले, पण अहमदनगर आले नाही. पाथर्डी तालुक्याची पूर्व सीमा बीड जिल्ह्याला लागून आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना पाऊस तोच, जमीन तीच, एकाच मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराच्या, टोळीत कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी कुटुंबेही तीच. मात्र पलीकडच्या शाळेला नव्या वर्गखोल्या, प्रशिक्षण व साहित्य यांसाठी वेगळा निधी मिळाला आणि अलीकडच्या शाळेला प्रवरा खोऱ्याच्या सुबत्तेशी जोडलेल्या सरासरीमुळे मिळाला नाही. निकष लावणाऱ्यांनी यात काही गैर केले असे नाही, कारण हाती असलेली आकडेवारी जिल्ह्याचीच होती. एकक मोठे असले की अन्याय असा कोणाच्याही इच्छेशिवाय घडतो.

जगात इतरत्रही हाच अनुभव आलेला आहे. अमेरिकेने १९६५ च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्यातील ‘टायटल वन’ या तरतुदीने गरीब मुलांच्या संख्येनुसार शाळांना संघराज्याचा निधी देणे सुरू केले. इंग्लंडमध्ये १९६७ च्या प्लाउडन अहवालाने ‘शैक्षणिक अग्रक्रम क्षेत्रे’ ठरवून तिथे जादा शिक्षक व पैसा देण्याची शिफारस केली. फ्रान्सने १९८१ मध्ये तशीच क्षेत्रे आखली. इंग्लंडमधील प्रयोगावर पुढे जी टीका झाली तिचा गाभा असा की, गरीब मुलांपैकी बरीच मुले आखलेल्या क्षेत्रांच्या बाहेर राहतात आणि क्षेत्रात राहणारी सगळीच मुले गरीब नसतात. पुढे तिथे २०११ पासून ‘प्युपिल प्रीमियम’ नावाने मदत क्षेत्राऐवजी विद्यार्थ्यामागे देण्यात येऊ लागली. नगर जिल्ह्याला यांपैकी कोणताही मार्ग जसाच्या तसा पुरेसा ठरत नाही, कारण येथे अडचण गरिबीची आहे तशीच अंतराचीही आहे, आणि दर विद्यार्थी पैसा मोजला की जिथे विद्यार्थी कमी आणि अंतर जास्त तिथली शाळा पुन्हा मागे पडते.

या जिल्ह्याची वस्ती विखुरलेली आहे. गावठाणात थोडी घरे आणि उरलेली कुटुंबे आपापल्या मळ्यात, शेतवस्तीवर किंवा डोंगराच्या सोंडेवरच्या वाडीत, अशी रचना अनेक तालुक्यांत आढळते, आणि गावच्या मुख्य शाळेपासून ही घरे दोन-तीन किलोमीटर दूर असणे नेहमीचेच आहे. सहा वर्षांच्या मुलाला ओढा ओलांडून तेवढे चालत पाठवणे पालकांना पटत नाही. याच अडचणीवर उपाय म्हणून २००० नंतर राज्यात वस्तीशाळा योजना आली: ज्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि शिकण्याच्या वयाची पंधराएक मुले आहेत, तिथे ग्रामशिक्षण समितीने स्थानिक शिकलेल्या तरुण-तरुणीला नेमावे, जागा गावाने द्यावी, आणि शासनाने सुरुवातीला महिना १,००० रुपये मानधन द्यावे. कुणाच्या पडवीत, समाजमंदिरात, कुठे झाडाखालीही हे वर्ग भरले. महिना हजार रुपयांवर, आज ना उद्या कायम होऊ या आशेवर, वर्षानुवर्षे शिकवत राहिलेल्या या शिक्षकांमुळे जी मुले पहिल्यांदा शाळेच्या पटावर आली त्यांची संख्या मोठी आहे, आणि शासनाच्या कोणत्याही मोठ्या योजनेइतकेच श्रेय या माणसांना दिले पाहिजे. पुढे वस्तीशाळांचे नियमित प्राथमिक शाळांत रूपांतर झाले, आणि २०१४ मध्ये त्यांच्या शिक्षकांना जिल्हा परिषदेच्या सेवेत सामावून घेण्यात आले.

परंतु ज्या शाळा मुले कमी असूनही अंतरामुळे जाणीवपूर्वक उघडल्या होत्या, त्याच दहा-पंधरा वर्षांनी ‘कमी पटाच्या शाळा’ या यादीत आल्या. २०१७ मध्ये दहा किंवा त्याहून कमी विद्यार्थी असलेल्या राज्यातील सुमारे १,३०० शाळांचे जवळच्या शाळांत समायोजन करण्याचा निर्णय झाला. अंतर कागदावर एक किलोमीटर, प्रत्यक्षात मात्र पायवाटेने किती तरी अधिक, अशा तक्रारी तेव्हा ठिकठिकाणांहून आल्या. २०२३ मध्ये समूह शाळांची कल्पना मांडली गेली. समूह शाळा म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करून, मुलांना वाहनाने आणून, ग्रंथालय, प्रयोगशाळा व पुरेसे शिक्षक असलेली एक मोठी शाळा चालवणे. त्या वेळी राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा असून त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकतात, अशी शासनाचीच आकडेवारी होती. शैक्षणिक दृष्टीने या कल्पनेत तथ्य आहे, कारण आठ मुलांच्या शाळेत खेळायला संघ होत नाही आणि दोन शिक्षकांना सगळ्या इयत्ता एकत्र शिकवाव्या लागतात, ज्याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. मात्र ही सगळी योजना वाहनावर उभी आहे, आणि ज्या वाडीत पावसाळ्यात रस्ताच उरत नाही तिथे वाहनाचे आश्वासन जून ते सप्टेंबर या महिन्यांत, म्हणजे शाळेच्या पहिल्या सत्रातच, निरुपयोगी ठरते.

शिक्षकांची पदे ठरवण्याच्या वार्षिक प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात. ३० सप्टेंबर या तारखेला शाळेच्या पटावर जितकी मुले असतील, त्यावरून पुढील पदे मंजूर होतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि त्यापुढे साधारणपणे तीस मुलांमागे एक असे प्रमाण घालून दिले. त्यामुळे लहान शाळेलाही निदान दोन शिक्षकांचे संरक्षण मिळाले. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असतील तर तिथे पदच मंजूर न होण्याची तरतूद आली. शिक्षक संघटनांनी तिला तीव्र विरोध केला. विरोध केवळ नोकरीच्या भीतीतून झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. वाडीवरच्या शाळेतला सातवीचा वर्ग बंद झाला की मुलगा सायकलवर पुढच्या गावी जातो, आणि मुलगी अनेकदा घरी बसते. पाचवीपासूनच्या ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत प्रवास देणारी योजना आहे आणि तिला नाव आहे ते जामखेड तालुक्यातील चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे, ज्यांचे नाव आता जिल्ह्यालाही मिळाले. पण पासाचा उपयोग जिथे एसटी येते तिथेच होतो.

वार्षिक अनुदानाचा हिशेबही असाच पटावर बांधलेला आहे. २०१८ पासून सर्व शिक्षा अभियान व इतर योजना एकत्र करून ‘समग्र शिक्षा’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याचा खर्च केंद्र व राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. त्यातील संयुक्त शाळा अनुदान तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, हजारपर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख रुपये असे मिळते. अठ्ठावीस मुलांच्या शाळेला दर मुलामागे साडेतीनशे रुपयांच्या वर पडतात आणि दोनशे चाळीस मुलांच्या शाळेला दोनशेच्या आसपास. त्यामुळे लहान शाळेला झुकते माप मिळते असे वरवर दिसते. पण विजेचे बिल, पत्र्याची दुरुस्ती, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह हा खर्च मुलांच्या संख्येप्रमाणे कमी होत नाही; घाटमाथ्यावर एका पावसाळ्यात उडालेले पत्रे पुन्हा बसवायलाच ते दहा हजार पुरत नाहीत, आणि मग मुख्याध्यापक गावात वर्गणी मागतात. लोकसहभागाने शाळा उभ्या राहण्याची परंपरा या जिल्ह्यात निश्चितच आहे आणि राळेगणसिद्धी व हिवरे बाजार यांनी ती देशाला दाखवली. तरीही वर्गणी देऊ शकणारे गाव आणि न देऊ शकणारे गाव यांत फरक करणे हे शासनाचे काम आहे, आणि १८५४ च्या सहायक अनुदानातील तोच जुना दोष लोकसहभागाच्या आग्रहातून परत येऊ शकतो.

इमारतींबाबत दिरंगाई किती महाग पडते हे ऑगस्ट २०१७ मध्ये नगर तालुक्यातील निंबोडी येथे दिसले, जिथे पावसात जिल्हा परिषद शाळेची जुनी खोली कोसळून तीन मुलांचा मृत्यू झाला. धोकादायक खोली पाडण्याआधी तिचे निर्लेखन करावे लागते, म्हणजे ती वापरास अयोग्य असल्याची तांत्रिक तपासणी होऊन ती जिल्हा परिषदेच्या मालमत्तेतून कागदोपत्री वगळावी लागते. त्या मंजुरीला वेळ लागतो आणि पाडलेल्या खोलीच्या जागी नवी मिळेपर्यंत आणखी वेळ जातो. ज्या शाळेला दोनच खोल्या आहेत तिच्यासाठी एक खोली धोकादायक ठरणे म्हणजे निम्मी शाळा जाणे होय.

अकोले तालुक्याची स्थिती वेगळी आहे, कारण तिथे मदतीचा दुसरा प्रवाह येतो. तालुक्याची जवळपास निम्मी लोकसंख्या आदिवासी, मुख्यतः महादेव कोळी व ठाकर समाजाची आहे. पश्चिम भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि राजूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. म्हणजे येथे शासनाने जिल्ह्याच्या सरासरीत न अडकता तालुक्याचा भाग वेगळा ओळखला, आणि त्याचा लाभही झाला. राज्यात स्वयंसेवी संस्थांच्या आश्रमशाळांना १९५३-५४ पासून अनुदान मिळू लागले, तर १९७२-७३ पासून शासनाने स्वतः आश्रमशाळा काढल्या. निवास, जेवण, कपडे आणि शिक्षण एकाच ठिकाणी व विनामूल्य, ही त्यांची रचना. बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री मिळालेल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना लहानपणी शाळा मिळाली नव्हती. त्यांच्यानंतरच्या पिढीत या तालुक्यातून शिक्षक, परिचारिका व अधिकारी झाले, त्यात आश्रमशाळांचा आणि राजूरच्या सत्यनिकेतनसारख्या संस्थांचा वाटा मोठा आहे.

तरीही आश्रमशाळेची किंमत मुलाला मोजावी लागते. सहा-सात वर्षांचे मूल घर, बोली आणि आई यांपासून एकाच दिवशी तुटते. निवासाच्या, आरोग्याच्या आणि देखरेखीच्या उणिवा राज्यभर इतक्या गंभीर ठरल्या की आश्रमशाळांतील मुलांच्या मृत्यूंच्या चौकशीसाठी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. शिवाय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची आणि वाडीतली दिवसाची शाळा जिल्हा परिषदेची असल्यामुळे, एकाच परिसरातील मुलांसाठी दोन खाती वेगवेगळा हिशेब ठेवतात. आश्रमशाळेचा पट वाढला की वाडीतली शाळा घटते, आणि ती घटली की कमी पटाच्या यादीत जाते.

डोंगरातल्या शाळेत शिक्षक टिकावा यासाठीही उपाय आहेत. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी व नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना एकस्तर पदोन्नतीची, म्हणजे तिथे असेपर्यंत वरच्या पदाची, वेतनश्रेणी मिळाली. शिक्षकांच्या बदल्यांसाठी २०१७ पासून ‘अवघड क्षेत्र’ ही संज्ञा वापरली जाते. अशा शाळेत तीन वर्षे काढली की सोयीच्या ठिकाणी बदली मागण्याचा हक्क मिळतो. २०२१ च्या धोरणाने अवघड क्षेत्र ठरवण्यासाठी भरपूर पाऊस, वाहतुकीचा अभाव, मोबाइल संपर्क नसणे, महामार्गापासूनचे अंतर असे निकष ठेवले आणि त्यांपैकी किमान तीन पूर्ण करणारी शाळा अवघड मानली. शासनाच्या शैक्षणिक धोरणांत मागासलेपण गावाच्या पातळीवर, प्रत्यक्ष अंतर व पाऊस पाहून मोजण्याचा हा दुर्मिळ प्रयत्न आहे, आणि तो शिक्षकाच्या बदलीसाठी झाला, मुलाच्या अनुदानासाठी झाला नाही, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. महसूल खात्याने तर हे आधीच केले आहे: २०१८ च्या दुष्काळात १५१ तालुके जाहीर झाल्यावर, त्यांबाहेर राहिलेली २६८ महसूल मंडळेही, म्हणजे काही गावांचे लहान गटही, सवलतींसाठी वेगळी जाहीर झाली. दुष्काळासाठी मंडळापर्यंत उतरता येते, तर शाळेसाठीही उतरता येईल.

मंडळापर्यंत उतरले तरी एक प्रश्न शिल्लक राहतो, तो जागा बदलणाऱ्या मुलांचा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या अनेक गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि मजुरीचे एकक ‘कोयता’ असते, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे आई मागे राहू शकत नाही आणि मुलांना घेऊनच जावे लागते. मार्च-एप्रिलपर्यंत हे कुटुंब कारखान्याच्या तळावर किंवा फडाजवळ कोपीत, म्हणजे पाचट-बांबूच्या झोपडीत राहते. यातील काही टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, तर काही याच जिल्ह्याच्या उत्तर भागातील कारखान्यांवर. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या दक्षिणेकडील मूल सहा महिने उत्तरेकडे राहते आणि दोन्हीकडच्या शाळांच्या दृष्टीने अर्धे अनुपस्थित असते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या मुलांसाठी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा सुरू झाल्या. शिक्षणहक्क कायद्यानंतर तात्पुरत्या शाळांऐवजी जवळच्या नियमित शाळेत प्रवेश देण्यावर भर आला. कायद्याच्या नवव्या कलमाने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्यच ठरवले आहे. मुलाची प्रगती नोंदवलेले शिक्षण हमी कार्ड सोबत द्यावे आणि नव्या शाळेने त्यावर त्याला बसवून घ्यावे, अशी व्यवस्था झाली. प्रत्यक्षात ती ३० सप्टेंबरच्या तारखेशी अडखळते. त्या दिवशी मूल पाथर्डीच्या पटावर असते, म्हणून पद तिथे मंजूर होते; नोव्हेंबरमध्ये कारखान्याजवळच्या शाळेत तीस-चाळीस मुले अचानक वाढतात, पण त्यांच्यासाठी जादा शिक्षक मिळत नाही, कारण मोजणीच्या दिवशी ती तिथे नव्हती.

दुसरा मार्ग मुलाला गावातच ठेवण्याचा आहे. हंगामी वसतिगृह योजनेत आईवडील गेल्यावर मुले आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे झोपतात आणि त्यांच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समिती करते. या समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. मूल शाळेत राहते, गळती कमी होते, आणि खर्चही फार नाही. म्हणून ही योजना साधी असली तरी आजवरच्या उपायांत तीच सर्वांत उपयुक्त मानावी लागेल. निधी हंगाम सुरू होण्याआधी हाती न पडणे हे तिचे जुने दुखणे आहे. ऊसतोड टोळी अनुदानाची वाट पाहत थांबत नाही, आणि वसतिगृह डिसेंबरात सुरू झाले तर ऑक्टोबरात गेलेले मूल परत येत नाही.

२०२१ मध्ये शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहे काढण्याची योजना मंजूर केली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये द्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी, अशी त्यामागची आर्थिक रचना आहे. राज्यात १,००० लाख टन गाळप झाले तर कारखान्यांकडूनच १०० कोटी रुपये येतात. ज्या उसामुळे मुलाची शाळा सुटते त्याच उसातून तिची भरपाई व्हावी, हे या रचनेतील सर्वांत न्याय्य तत्त्व आहे. वसतिगृहांचा उपयोग मात्र शाळेत जाणाऱ्या वयाच्या मुलांनाच होतो. त्यांहून लहान भावंडांसाठी अंगणवाडी असते, ती वेगळ्या खात्याची, ठरावीक तासांची आणि मूळ गावातली. तळावर ती क्वचितच असते. पाथर्डीची जी मुलगी सहावीत वसतिगृहात राहू शकते, तिचा दोन वर्षांचा भाऊ तिथे राहू शकत नाही; तो आईबरोबर फडावर जातो, आणि त्याला सांभाळायला बहुतेक वेळा तीच मुलगी जाते.